मंगळाच्या हवेतून प्राणवायू
२० एप्रिल २०२१ : मंगळावरच्या हवेतून प्रथमच प्राणवायू काढण्यात आला. ‘नासा’च्या ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हरच्या पोटातल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या ‘मॉक्सी’ यंत्राची ही करामत. तिथली हवा सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पण दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणून आधी धूळ गाळायची, कॉम्प्रेसरने हवा दाबायची आणि मग ८०० अंश सेल्सिअसला विजेने रेणू फोडायचा. तासाभरात हाती आला जेमतेम ५.३७ ग्रॅम, एका अंतराळवीराला दहा मिनिटे पुरेल इतका! खरी भूक मात्र परतीच्या रॉकेटची, त्याला प्राणवायू टनावारी लागतो. २०२३ पर्यंत १६ वेळा चालून मॉक्सीने एकूण १२२ ग्रॅम तयार केला.