हातानं शिका, मग स्क्रीनवर : शाळांमधलं ‘करून पाहा’ शिक्षण काय आहे?

बुऱ्हाणपूर : शाळेत कॉम्प्युटर आला म्हणजे मुलं डिजिटल झाली, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. पण माऊस धरता येणं वेगळं आणि मशीन कशी चालते हे कळणं वेगळं. ही दरी भरून काढणारे प्रयोग आपल्या आजूबाजूलाच झाले आहेत.

होशंगाबादचा धडा
इटारसीला गाडी बदलणाऱ्या बुऱ्हाणपूरकरांना होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम) परकं नाही. १९७२ मध्ये तिथल्या १६ सरकारी शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान’ सुरू झालं. सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करायची, परीक्षेतही पुस्तक उघडायची मुभा होती. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनं पुढे हे काम वाढवलं. २००२ मध्ये राज्य सरकारनं कार्यक्रम बंद केला. पुण्याचे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये याच कार्यक्रमात आले आणि सायकलची वॉल्व्ह ट्यूब व काडेपेटीच्या काड्यांपासून त्यांनी मॉडेल्स बनवली. खर्च जवळपास शून्य.

पाबळचा विज्ञान आश्रम
डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या शालेय अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातून एक दिवस हातानं काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कारागीर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं २००२ मध्ये तिथं फॅब लॅबही उभी राहिली.

सरकारी योजना
- अटल टिंकरिंग लॅब : नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून. सहावी ते बारावीसाठी. निवड झालेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्स किट.
- २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा.
- राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० : सहावी ते आठवीत १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी.

आपल्याकडे काय करता येईल?
लॅब मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही. पॉवरलूमची मोटर, स्टार्टर आणि मीटर हेच विजेचं पुस्तक आहे. केळीच्या बागेत मातीचा ओलावा मोजणारा साधा सेन्सर आठवी-नववीच्या मुलांना जोडता येतो. रोजच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये भरल्या की आलेखही तिथंच शिकून होतो. १६१५ च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा पंपाविना, नुसत्या उतारावर पाणी कसं आणतो, याचं मॉडेल पाईपचे तुकडे आणि बाटल्यांतून बनतं. प्रोग्रामिंगसाठी ‘स्क्रॅच’ मोफत आहे, एकदा डाऊनलोड केलं की इंटरनेटशिवायही चालतं.

पालकांनी काय विचारावं?
शाळेत लॅब आहे का, एवढंच विचारून थांबू नका. ती आठवड्यातून किती तास उघडते, किट मुलांच्या हातात देतात की कपाटात ठेवतात, शिक्षकाला ट्रेनिंग मिळालं का, बिघडलेलं सामान कोण दुरुस्त करतो, हेही विचारा. होशंगाबादनं दाखवलं की साधं सामान आणि तयारीचा शिक्षक एवढ्यावर काम सुरू होतं. कुलूप लागलेल्या खोलीतला थ्रीडी प्रिंटर मात्र कुणालाच काही शिकवत नाही.