नवस व व्रत (ख्रिस्ती)

देवाला जाणूनबुजून, कोणाच्या दडपणाखाली न येता दिलेले आणि पाळणे बंधनकारक असलेले वचन. अमुक झाले तर तमुक करीन, हा नवस. काहीही न मागता स्वतःला, मुदतीपुरते किंवा आजन्म, बांधून घेणे, हे व्रत. दोन्हींना ख्रिस्ती परंपरेत जागा आहे, पण सर्व पंथांत सारखी नाही. एका बाजूला पंढरपूर आणि दुसऱ्या बाजूला तुळजापूर असलेल्या सोलापूर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांना नवस ही कल्पना नव्याने शिकवावी लागली नाही. ती कुठे थांबवायची, हाच प्रश्न होता.

आधार अर्थात पवित्र शास्त्राचा. अपत्यासाठी नवस बोलणारी हन्ना झालेला मुलगा, शमुवेल, मंदिरात आणून सोडते. इफ्ताह युद्धात जय मिळाल्यास घरातून प्रथम सामोरे येईल ते अर्पण करण्याचे बोलून बसतो आणि सामोरी येते ती त्याची एकुलती मुलगी. नाजीर व्रत घेतलेला माणूस व्रत संपेपर्यंत केस कापत नसे. किंख्रिया बंदरात पौलाने नवस होता म्हणून केस कापल्याची नोंद ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाचे म्हणणे मात्र व्यवहारी आहे: बोललेला नवस फेडायला उशीर करू नये, पण मुळात बोललाच नाही तर त्यात पाप नाही. येशूने डोंगरावरील प्रवचनात शपथाच नाकारल्या. बोललेले फेडा आणि बोलूच नका, या दोन सुरांतले अंतर पुढे पंथापंथांत उतरले.

कॅथॉलिक चर्चने नवसाचा कायदाच केला. 1983च्या धर्मसंहितेनुसार नवसाचा विषय शक्य कोटीतला आणि अधिक चांगला हवा. म्हणजे इफ्ताहचे बोलणे या कसोटीवर नवस ठरतच नाही. गंभीर व अन्यायी भीतीपोटी किंवा फसवणुकीतून बोललेला नवस रद्द असतो. नवस बोलणाऱ्यालाच बांधतो: आईने बोलला म्हणून मुलाच्या मानेवर तो बसत नाही. मराठी घरांत राहिलेला नवस पुढच्या पिढीला छळतो अशी समजूत आहे, तिच्यापुढे हे कलम फार मोकळे वाटते. खाजगी नवस त्याच तोलाच्या किंवा अधिक चांगल्या कृतीत स्वतःच बदलता येतो आणि योग्य कारण असेल, दुसऱ्याच्या हक्काला धक्का लागत नसेल, तर आपल्या पॅरिशचा धर्मगुरूही त्यातून सूट देऊ शकतो.

लोकाचार या कलमांची फारशी वाट पाहत नाही. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत (8 सप्टेंबरच्या सणानंतरचा आठवडा) मेणाचे हात, पाय, बाळे, घरे विकायला मांडलेली असतात. गुडघा दुखत असेल तर पाय, घर हवे असेल तर घर. घेणाऱ्यांत हिंदू, पारशी, मुसलमानही असतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना 1948पासून चालू आहे. लागोपाठ नऊ बुधवार जायचे, असा तिथला नेम.

संन्यस्त जीवनाची व्रते तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. किमान वर्षभराच्या उमेदवारीनंतर, वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर, ती आधी ठरावीक मुदतीसाठी घेतात. आजन्म व्रतांना 21 वर्षे पूर्ण लागतात. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने व्यापार सोडून मनिलात फ्रान्सिस्कन व्रते घेतली. 1597मध्ये नागासाकीला त्याला क्रूसावर मारले आणि 1862मध्ये तो संत घोषित झाला. सोलापूर ज्या पुणे धर्मप्रांतात येते तिथल्या धर्मभगिनी याच परंपरेतल्या. धर्मप्रांतीय धर्मगुरू मात्र दारिद्र्याचे व्रत घेत नाही. तो ब्रह्मचर्य पत्करतो आणि बिशपला आज्ञापालनाचे वचन देतो. हा फरक पुष्कळ कॅथॉलिकांनाही ठाऊक नसतो.

सोलापुरात ख्रिस्ती वस्ती प्रामुख्याने उभी राहिली ती अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे मिशन प्रॉटेस्टंट, त्यातही काँग्रिगेशनल. संतांना नवस नाही, मठ नाही, आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत नाही. बाप्तिस्मा, मंडळीत प्रवेश आणि विवाह या वेळी दिलेली वचने, एवढीच काय ती बंधने. नवसाची भूक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या दानाने भागते. मूल झाले, परीक्षेत यश आले, आजारी माणूस घरी आला की उपासनेत पाकीट द्यायचे आणि पाळकाने त्या कुटुंबासाठी प्रार्थना करायची. आधी सौदा नाही, नंतर आभार.

या चौकटीला सर्वांत मोठा धक्का मिशनच्याच माणसाने दिला. कवी नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि या ताटातुटीतला काही काळ त्यांनी सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात, नातलगांच्या आधाराने काढला. जोडीदार नांदायला तयार नसेल तर धर्मांतरिताला विवाह मोडून मागण्याची वाट 1866च्या कायद्याने मोकळी होती. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. पतिपत्नी पुन्हा एकत्र आली आणि 1900मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. सोवळ्यातल्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे जितक्या हसतखेळत लिहिले आहे तितके ते जगताना सोपे नव्हते. विवाहवचन पाळण्याचे याहून ठसठशीत उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासात शोधावेच लागेल, आणि ते वचन तर हिंदू विधीने दिलेले होते.

धक्का आला तो पुढे. 1917मध्ये याच गृहस्थाने मिशनचा पगार सोडून संन्यास जाहीर केला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामावून घ्यायचे होते. व्रत देणारा संघ नाही, सूट देणारा अधिकारी नाही, बायको घरात: कॅथॉलिक संहितेत हे बसत नाही, काँग्रिगेशनल शिस्तीतही नाही. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही.

ही वाट मात्र तिथेच संपली नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणाऱ्या अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो यांनी 1922मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पुढे त्याचा आश्रम पुण्यात आला. खादी, मांडी घालून जेवण, आणि त्याच्या जोडीला अँग्लिकन प्रार्थनाक्रम. इंग्रज धर्मगुरू व्हेरिअर एल्विन याच संघातून 1927मध्ये भारतात आले. काही वर्षांतच ते संघातून बाहेर पडले, 1932मध्ये सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातल्या गोंडांत जाऊन राहिले, आणि पुढे त्यांनी धर्मगुरुपदही सोडले.