मधल्या फळीतला माणूस : फोर्तुनातो फ्रँको



आपल्या नेरे-दत्तवाडीच्या पोरांना मेस्सी तोंडपाठ आहे, मॉड्रिचही माहितीय. चांगलंच आहे. पण आपल्याकडच्या एका मिडफिल्डरचं नाव किती जणांनी ऐकलंय? फोर्तुनातो फ्रँको. 'मैदान' सिनेमा बघितला असेल तर कदाचित आठवेल.

फ्रँको मूळचे गोव्यातल्या बार्देशमधल्या कोलवाळचे. फुटबॉलमध्ये नाव झालं ते मुंबईत, टाटांच्या संघाकडून. त्या काळी मुंबईत टाटा, मफतलाल, कॅलटेक्स अशा कंपन्यांचे संघ असायचे. खेळाडूला नोकरी मिळायची, महिन्याचा पगार मिळायचा आणि खेळायला मैदान असायचं. आज ज्याला आपण प्रोफेशनल म्हणतो, त्याचं आपल्याकडचं जुनं रूप हेच.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी ते भारताच्या संघात होते. गंमत बघा, तेव्हा त्यांचं जन्मगाव पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं! गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. आणि पुढच्याच वर्षी हा गोव्याचा माणूस जकार्ताला भारताकडून आशियाई स्पर्धेत उतरला.

पहिल्याच मॅचला दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवलं. मग थायलंड, जपान आणि सेमीफायनलला दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून आपण फायनलला गेलो. समोर परत कोरियाच. ४ सप्टेंबर १९६२. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवण्यावरून वाद पेटला होता, त्यामुळे अख्खं स्टेडियम भारताच्या विरोधात ओरडत होतं. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम कॅन्सरने आजारी होते. अशात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले आणि आपण २-१ ने सोनं जिंकलं. त्यानंतर आजपर्यंत एशियाडमध्ये फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही.

त्या फायनलला मधली फळी सांभाळली फ्रँको आणि प्रशांत सिन्हा या दोघांनी. समोरच्याचा बॉल तोडायचा, आपल्या माणसाला द्यायचा, परत मागे पळायचं. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, हे काम करणाऱ्याचा येत नाही. १९६३-६४ ला महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली, त्याही संघात फ्रँको होते. पुढे ते गोव्याच्या साळगावकर क्लबकडून खेळले. गुडघ्याच्या दुखापतीने खेळ लवकर थांबला. १० मे २०२१ ला, कोरोनाच्या लाटेत, ते गेले.

आता आपल्याकडे या. बालेवाडी आपल्यापासून किती लांब आहे? २००७ ला सुरू झालेला पुणे एफसी तिथे खेळायचा. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तो बंद पडला. २०१४ ला एफसी पुणे सिटी आला, २०१९ ला तोही गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. क्लब येतात, जातात. पैसेवाल्याचा मूड फिरला की संपलं.

राहतं ते मैदान. आणि आपल्याकडे तेच चाललंय. हिंजवडी-मारुंजीकडून टॉवर सरकत आपल्या शिवारापर्यंत आले. पोरांनी खेळायचं कुठं? टर्फवर, तासाचे पैसे मोजून. ज्याच्या बापाकडे पैसे आहेत त्याने खेळावं, बाकीच्यांनी जाळीबाहेरून बघावं!

फ्रँकोंना नोकरी देणारी कंपनी होती, खेळायला मैदान होतं. म्हणून कोलवाळचा मुलगा आशियाचा चॅम्पियन झाला. नुसत्या गुणवत्तेवर कुणी मोठं होत नाही.

गाव पालिकेत जाणार की नाही, यावर चावडीवर रोज वाद होतात. होऊ द्या. पण पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न जरूर विचारा: गावच्या पोरांसाठी फुकट खेळायचं एक मोकळं मैदान कागदावर राखीव आहे का? असेल तर कुठला गट नंबर?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण ग्रामसभेला या.