कॉलम (पत्रकारिता)

कॉलम हा मूळचा इंग्रजी शब्द मराठी पत्रकारितेत प्रामुख्याने तीन अर्थांनी वापरला जातो : वृत्तपत्राच्या पानाचा उभा विभाग, छापील जागेचे मोजमाप आणि एखाद्या लेखकाचे ठरावीक अंतराने प्रसिद्ध होणारे लेखन. पहिल्या अर्थासाठी मराठीत ‘रकाना’, तर तिसऱ्यासाठी ‘सदर’ व ‘स्तंभ’ हे शब्द रूढ आहेत. मोजमापाच्या अर्थाने मात्र ‘कॉलम’ हाच शब्द टिकून आहे. या शब्दाच्या मराठीतील इतिहासाचे दोन टप्पे रत्नागिरी जिल्ह्याशी निगडित आहेत.

व्युत्पत्ती

लॅटिन भाषेतील ‘कोलुम्ना’ म्हणजे खांब. पानावरील मजकुराचा अरुंद उभा पट्टा खांबासारखा दिसतो, म्हणून त्याला इंग्रजीत हे नाव मिळाले. पुढे त्या पट्ट्यात नियमितपणे येणाऱ्या लेखनालाही तेच नाव लागू झाले.

रकाना

ओळी आखूड असल्या की बारीक अक्षरांतील मजकूर वाचणे सोपे जाते आणि लहानमोठ्या बातम्या एकाच पानावर बसविता येतात. त्यामुळे वृत्तपत्राचे पान रकान्यांत विभागले जाते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या *दर्पण* या पहिल्या मराठी वृत्तपत्रात रकान्यांचा उपयोग दोन भाषांसाठी केलेला होता. एका रकान्यात मराठी व शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर असे. जांभेकरांचे जन्मगाव पोंभुर्ले हे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील असून, १९८१ मधील जिल्हा विभाजनानंतर ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे.

मोठ्या आकाराच्या दैनिकाचे पान परंपरेने आठ रकान्यांचे असते. बातमीचे महत्त्व तिने व्यापलेल्या रकान्यांवरून ओळखले जाते. ‘सिंगल कॉलम’, ‘दोन कॉलमी’, ‘आठ कॉलमी मथळा’ हे शब्दप्रयोग त्यातूनच आले.

मोजमाप

जाहिरातीची जागा ‘कॉलम सेंटिमीटर’ या एककात मोजतात. रकान्यांची संख्या आणि सेंटिमीटरमधील उंची यांचा गुणाकार म्हणजे एकूण जागा. दोन रकाने रुंद व १० सेंटिमीटर उंच जाहिरात २० कॉलम सेंटिमीटर भरते. जिल्हा व तालुका पातळीवरील अंशकालीन बातमीदारांना छापून आलेल्या मजकुराच्या लांबीनुसार मानधन देण्याचीही पद्धत आहे.

सदर आणि स्तंभ

नियमित लेखनासाठी ‘सदर’ हा शब्द मराठीत अधिक प्रचलित आहे. *ललित* मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने लिहीत असलेले ‘घटका गेली, पळे गेली’ हे या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय.

‘स्तंभ’ हा ‘कॉलम’चा शब्दशः अनुवाद आहे. विनायक दामोदर सावरकर यांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत सुचविलेल्या प्रतिशब्दांत त्याचा समावेश केला जातो. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि या चळवळीविषयीचे त्यांचे लेखन याच काळात आकाराला आले. ‘स्तंभ’ने ‘कॉलम’ला पूर्णपणे हटविले नाही, तथापि ‘स्तंभलेखक’ व ‘स्तंभलेखन’ हे सामासिक शब्द सर्वमान्य झाले. सदर लिहिणाऱ्यास ‘सदरलेखक’ आणि ‘स्तंभलेखक’ असे दोन्ही म्हटले जाते.

‘स्तंभ’चे अन्य अर्थ

‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ या प्रयोगात स्तंभ म्हणजे आधाराचा खांब. विधिमंडळ, कार्यपालिका व न्यायपालिका यांच्यानंतर वृत्तपत्रे असा त्याचा आशय असून त्याचा रकान्याशी संबंध नाही. ‘पंचमस्तंभी’ म्हणजे आतून शत्रूला साहाय्य करणारा. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदवर चालून जाणाऱ्या चार सैन्यतुकड्यांना शहरातील छुप्या समर्थकांची पाचवी तुकडी साहाय्य करील, या अर्थाने हा प्रयोग रूढ झाला. तेथे ‘कॉलम’ म्हणजे कूच करणारी सैन्याची तुकडी होय.

मजकूर आणि जाहिरात

एकच रकाना बातमीलाही मिळतो आणि जाहिरातीलाही. त्यामुळे विकलेली जागा आणि संपादकीय निर्णयाने दिलेली जागा यांतील फरक वाचकाला स्पष्ट दिसणे आवश्यक ठरते. जाहिरात बातमीच्या रूपात छापली गेल्यास तो पुसला जातो. ‘पेड न्यूज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारावर भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये अहवाल सादर केला. निवडणुकीच्या काळात अशा मजकुराची छाननी जिल्हा पातळीवरील माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती करते. मजकूर पेड न्यूज ठरल्यास जाहिरातीच्या दराने त्याचे मूल्य काढून ते उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरले जाते. अशा वेळी बातमीचा रकानाही कॉलम सेंटिमीटरनेच मोजला जातो.