अधिकार द्यावा कसा? शिवनेरी आणि शनिवारवाडा



जुन्नरच्या पेठेतून मान वर केली की शिवनेरी दिसतो. मंचर-घोडेगावावरून पश्चिमेची वाट धरली की भीमाशंकर लागतो. तेथील देवळाचे शिखर नाना फडणिसांनी बांधविले असे सांगतात. एके ठिकाणी शिवछत्रपतींचा जन्म झाला, दुसरीकडे नानांचे स्मरण आहे. दोघेही मोठे कारभारी. परंतु हाताखालच्या माणसाला अधिकार द्यावा कसा, या प्रश्नाची दोघांची उत्तरे निराळी होती.

शहाजीराजे कर्नाटकात असताना पुण्याची जहागीर शिवाजीराजांच्या नावाने चालू लागली. देखरेखीस जिजाबाई व दादोजी कोंडदेव होते. १६४६ च्या जानेवारीतील पत्रावर राजांची स्वतःची मुद्रा आहे. तेव्हा त्यांना सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती. जबाबदारी अशी लहानपणीच हाती आली.

पुढे त्यांनी हाच धडा इतरांस दिला. किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीचे तीन अधिकारी नेमले. किल्ल्यांचा कारभार एकाच्या मर्जीवर राहिला नाही. कामगारांस वेतन रोख मिळे, हिशेब द्यावा लागे. अधिकार दिला, पण मोकाट सोडला नाही. मार्च १६६६ मध्ये महाराज आग्र्यास निघाले, ते ऑगस्टात कैदेतून निसटेपर्यंत राज्य जिजाबाई, मोरोपंत, निळोपंत व अण्णाजी दत्तो यांनी सांभाळले. धनी शत्रूच्या हाती असूनही राज्य मोडले नाही.

याहून कठीण परीक्षा १६८९ मध्ये आली. संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीस गेले. इकडील कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे ‘हुकुमतपनाह’ या पदवीने सोपविला. संताजी-धनाजींनी मोगली फौजा जेरीस आणल्या. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच वारला. मात्र निकडीपोटी वतने व सरंजाम द्यावे लागले, आणि त्यातून सरदार पुढे स्वतंत्र होत गेले, हेही विसरू नये.

आता पुण्याकडे वळू. १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांना अवघ्या चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावांचा कावा व इंग्रजांचे पाठबळ यांपासून हे पद राखण्याचे श्रेय नानांना निःसंशय द्यावे लागेल. पण मूल वाढले तरी दोऱ्या नानांच्याच हाती राहिल्या. १७९५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यात पडून पेशव्यांचा अंत झाला. तोवर स्वतंत्रपणे राज्य चालविण्याची संधी त्यांना लाभलीच नव्हती. १८०० मध्ये नाना वारले, आणि १८०२ च्या डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांचे अंकित होणे पत्करले. साऱ्या पडझडीचा दोष नानांवर घालणे अन्याय होईल. परंतु त्यांच्यामागे त्यांची जागा घेणारे माणूस तयार झालेले नव्हते, हे खरे.

आपल्यापैकी कोणी सोसायटीचे चेअरमन असतील, कोणी मुख्याध्यापक, कोणी दुकानाचे मालक. आपण सहा महिने गावी नसलो, तर किल्ल्या कोणाकडे आहेत, आणि त्याचा हिशेब कोण पाहणार, हे घरी गेल्यावर आपण स्वतःस विचारावे. आग्र्यास निघण्यापूर्वी महाराजांनी ती व्यवस्था लावून ठेवली होती.