सामान बारगिराचं, ताबा शिलेदाराचा : स्विस रंगरूट रायफल घेऊन आगगाडीत का बसतो?

मागच्या व्याख्यानात मॅकियाव्हेलीविषयी बोलताना मी ओघात म्हणून गेलो की त्याला स्विस लोकांचं मोठं कौतुक होतं. हे लोक पुरते सशस्त्र आहेत आणि म्हणूनच पुरते स्वतंत्र आहेत, असं त्याचं मत होतं. त्यावर एका श्रोत्यांचा प्रश्न आला. त्यांची मुलगी झ्युरिकला नोकरीला असते. तिच्याकडे गेले असताना रविवारी संध्याकाळी आगगाडीत त्यांच्यासमोर गणवेशातला एक विशीतला मुलगा येऊन बसला. भली मोठी पिशवी त्याने फळीवर टाकली, खांद्यावरची रायफल काढून गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि निवांत सँडविच खाऊ लागला. डब्यात कोणी मान वर करून पाहिलं नाही. ते लिहितात, ‘सर, मला मात्र घाम फुटला. सरकारी बंदूक अशी उघड्यावर घेऊन हे का हिंडतात?’

प्रश्न चांगला आहे. आपल्याला घाम का फुटतो, तेही आधी पाहू. साताऱ्याच्या किंवा मिरजेच्या स्टेशनवर सुट्टीवर आलेला जवान आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्याबरोबर काळी लोखंडी ट्रंक असते, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. सोबत वळकटी. रायफल नसते. रायफल पलटणीच्या शस्त्रागारात कुलूपबंद असते, तिची नोंद होते, सही घेऊनच ती हातात मिळते. तेव्हा शिपायाने सुट्टीत काय घेऊन जायचं आणि काय मागे ठेवायचं, याची एक घट्ट कल्पना आपल्या मनात असते. स्विस मुलगा नेमकी तीच मोडतो. तो मागे काहीच ठेवत नाही. बूट, गणवेश, हेल्मेट, चाकू, रायफल, सगळं त्याच्या घरच्या कपाटात राहणार असतं. बंदुकीचं ठिकाण घर, सरावाचं ठिकाण दुसऱ्या गावी, आणि मध्ये आगगाडी. इतकं साधं उत्तर आहे. खरा प्रश्न पुढचा. बंदुकीचं ठिकाण घर, हे ठरवलं कोणी आणि का?

इथे मला आपले दोन जुने शब्द फार उपयोगी वाटतात, शिलेदार आणि बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा आणि सामान सरकारी पागेतून मिळे. शिवाजीमहाराजांचा कल बारगिरांच्या पागेकडे होता. शिलेदारांनाही पागेच्या हवाली ठेवावं, म्हणजे फंद-फितुरी करायला जागा राहात नाही, असं सभासदाच्या बखरीतून स्पष्ट दिसतं. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. घोडा ज्याचा, शिपाई त्याचा.

स्वित्झर्लंडमध्ये अनेक शतकं सगळे शिलेदारच होते. तिथले परगणे, ज्यांना ते कँटन म्हणतात, आपापलं सैन्य उभं करत. हत्यार, कपडे, बूट यांचा बराचसा भार ज्याचा त्याने उचलायचा. मग १८७०-७१ चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं. फ्रान्सची बुर्बाकीची अख्खी फौज, सुमारे ८७,००० माणसं, फेब्रुवारी १८७१ मध्ये सीमा ओलांडून स्विस हद्दीत शिरली आणि तिथे निःशस्त्र झाली. स्विस सेनापती हान्स हेर्त्सोग यांनी सीमा सांभाळली खरी, पण आपल्या तुकड्यांची अवस्था पाहून ते हबकले. एका कँटनची तयारी बरी, शेजारच्याची काहीच नाही, अशी गत.

यानंतर १८७४ ची नवी संघराज्य घटना आली. तिच्या १८ व्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली, सैनिकाला पहिलं सामान, कपडे आणि शस्त्र फुकट मिळेल. दुसरी, कायद्याने ठरवलेल्या अटींवर ते शस्त्र सैनिकाच्या हातात राहील. हे जरा नीट पाहा. सरकार एका हाताने शिलेदाराचा बारगीर करतं आणि दुसऱ्या हाताने त्याचं शिलेदारपण परत देतं. सामान बारगिराचं, ताबा शिलेदाराचा. जगातल्या घटनांमध्ये असं कलम शोधून सापडणं कठीण.

याला व्यवहाराची बाजू होती. या देशाला कायम खडं सैन्य नाही. चार-साडेचार महिन्यांची रंगरूट-शाळा करायची आणि पुढे काही वर्षं ठरावीक आठवडे सरावाला जायचं. एरवी तो गवळी, कारकून, शिक्षक. बोलावणं आलं तर कोठारापुढे लाखभर माणसांची रांग लावण्यापेक्षा प्रत्येकजण घरूनच सज्ज होऊन निघालेला बरा. २ सप्टेंबर १९३९ च्या सार्वत्रिक जमवाजमवीत सुमारे ४,३०,००० माणसं अशीच घराघरांतून बाहेर पडली. शीतयुद्धाच्या काळात तर सैन्याचा आकडा ६ लाखांच्या घरात होता. सीलबंद डब्यात काडतुसंही घरी दिलेली असत. शत्रू अचानक आला तर जमण्याच्या ठिकाणापर्यंत लढत पोचता यावं, हा हेतू. विनाकारण डबा फोडला तर शिक्षा.

घरी दिलं म्हणजे वाऱ्यावर सोडलं, असं मात्र नाही. रायफलवाल्याने वर्षातून एकदा गावच्या नेमबाजी मंडळात जाऊन ३०० मीटरवर २० गोळ्या झाडून दाखवायच्या, हे बंधन. पूर्वी सामानाची तपासणीही असे. सगळं अंथरून मांडायचं आणि अधिकारी एकेक वस्तू पाहात जाणार. (आपल्याकडे दसऱ्याला मोहिमेवर निघताना सामानाची याद व्हायची आणि परतल्यावर ती ताडून पाहात. सामान सरकारी झालं की हिशेब आलाच.) त्या प्रसिद्ध लाल चाकूचा जन्मही याच सामानातला. १८८९ ची नवी रायफल खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे, डबाबंद अन्न उघडायला पातं लागे, म्हणून सैनिकासाठी घडीचा चाकू ठरवला गेला. आज तो विमानतळावर पर्यटक विकत घेतात. रायफलचं काही असं झालं नाही.

पण व्यवहाराने सगळं समजत नाही. रूसोने पोलंडच्या लोकांना सल्ला देताना स्विस नमुना पुढे ठेवला होता. प्रत्येक नागरिक शिपाई असावा, पण शिपाई हा कोणाचा धंदा नसावा. कांटनेही १७९५ च्या शाश्वत शांतीवरच्या निबंधात खडी सैन्यं हळूहळू नाहीशी व्हावीत असं म्हणताना, नागरिकांनी स्वखुशीने अधूनमधून केलेला शस्त्रसराव त्यातून वगळला. उलट बाजूला ॲडम स्मिथ. तो म्हणतो, इतर कामांसारखीच युद्धातही श्रमविभागणी हवी, खडं सैन्य नागरी दलापेक्षा सरस ठरणारच. जगाने बहुतेक स्मिथचं ऐकलं. आपणही ऐकलं, किंवा आपल्याला ते ऐकवण्यात आलं. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी प्रजेची हत्यारं काढून घेतली, १८७८ च्या शस्त्रकायद्याने ते पक्कं केलं. खेड्यात सैन्यभरती करत फिरताना १९१८ मध्ये गांधीजींनीसुद्धा याच कायद्याला काळाकुट्ट म्हटलं होतं, हे आज कोणाला पटकन खरं वाटत नाही.

म्हणजे आगगाडीतली रायफल हे केवळ सामान नाही. ‘राज्याचा माझ्यावर विश्वास आहे’ असं ती बोलते. हे सर्वांत उघडं दिसतं अपेन्झेल इनररोडन या चिमुकल्या कँटनमध्ये. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी लोक चौकात उभे राहून हात वर करून मतदान करतात. पुरुष येताना कमरेला तलवार किंवा संगीन लावून येतात, बरेचदा आजोबांची. ते हत्यार हेच त्यांचं मतदार-ओळखपत्र.

मग बायकांचं काय? इथेच विश्वासाची दुसरी बाजू दिसते. हत्यार हा नागरिकत्वाचा पुरावा म्हटला, की ज्याच्या हाती हत्यार नाही तो अर्धा नागरिक. स्विस स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मत मिळालं १९७१ मध्ये. अपेन्झेल इनररोडनच्या पुरुषांनी तर नंतरही हात वर करून नकारच दिला. नोव्हेंबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हुकूम द्यावा लागला. आता स्त्रिया कागदी कार्ड घेऊन चौकात येतात. पुरुषांची तलवार अजून चालते.

आणि विश्वास कोणाचा कोणावर, हाही प्रश्न उरतोच. ९ नोव्हेंबर १९३२ ला जिनिव्हात फॅसिस्टांच्या सभेविरुद्ध डाव्यांनी निदर्शनं केली. सरकारने बंदोबस्ताला कोणाला पाठवलं? लोझानच्या रंगरूट-शाळेतल्या पोरांना. त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि १३ माणसं गेली. रूसो जिनिव्हाचाच. सशस्त्र नागरिक आपल्याच माणसांवर बंदूक चालवणार नाही, हे या विचारसरणीचं मूळ गृहीतक त्या संध्याकाळी तिथे उघडं पडलं. मी अनेक वर्षं रूसो शिकवला, पण वर्गात ही घटना कधी सांगितली नाही. चूक माझी.

शीतयुद्ध संपलं आणि व्यवहाराची बाजू ढासळली. शत्रू रातोरात येईल ही भीती गेली, बंदूक मात्र कपाटात राहिली. ती काय करते हे लोक मोजू लागले. घरातल्या भांडणात ती भिंतीला टेकून उभी असते. निराश माणसाच्या हाताशी असते. २००३-०४ च्या सुधारणेत सैन्य जवळपास निम्मं झालं, म्हणजे तितक्या कपाटांतून बंदुका गेल्या. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा सैन्यात असण्याच्या वयातल्या पुरुषांच्या आत्महत्या कमी झालेल्या आढळल्या, आणि त्यांनी दुसरा मार्ग धरल्याचं प्रमाण थोडंच होतं. बायकांमध्ये आणि वयस्क पुरुषांमध्ये तशी घट नव्हती. शत्रू न येताही ती बंदूक माणसं नेत होती, असं म्हणावं लागतं.

घरी काडतुसं द्यायची नाहीत, हा निर्णय संसदेने २००७ मध्ये घेतला. त्याच नोव्हेंबरात झ्युरिकच्या एका बसथांब्यावर उभ्या असलेल्या १६ वर्षांच्या मुलीला एका तरुणाने सैनिकी रायफलने मारलं. ओळख नाही, भांडण नाही. त्याने नुकतीच रंगरूट-शाळा संपवली होती आणि काडतुसं चोरलेली होती. देश हादरला. २०१० पासून कारण न देता रायफल सरकारी कोठारात ठेवण्याची सोय झाली. बंदुका घरी नकोतच, कोठारातच ठेवा, अशी मागणी १३ फेब्रुवारी २०११ ला सार्वमताला आली. सुमारे ५६ टक्क्यांनी ती फेटाळली. झ्युरिक, बाझेल शहर, जिनिव्हा अशा काही ठिकाणी मात्र बहुमत मागणीच्या बाजूने होतं.

मी तिथला मतदार असतो तर? कोठाराच्या बाजूने मत दिलं असतं, मॅकियाव्हेली आणि रूसो यांची क्षमा मागून. विश्वास दाखवायला हत्यारच का लागावं, याचं उत्तर मला या दोघांकडे मिळालेलं नाही. पण हेही मान्य करतो, की ज्या राज्याने मला कधी साधी काठी विश्वासाने दिली नाही, तिथे वाढलेल्या माणसाचं हे मत आहे.

आता त्या डब्याकडे परत येऊ. कोणी मान वर केली नाही, कारण ती रायफल रिकामी आहे, मॅगझीन लावलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय डब्यातल्या कितीतरी काकांनी तीच पिशवी, तेच वजन त्याच मार्गावर वाहिलेलं असतं. पुढच्या खेपेला झ्युरिकला जाल तेव्हा शक्य झालं तर त्या मुलाशी बोला. विचारा, ही घरी कुठे ठेवतोस, आणि आईला त्याबद्दल काय वाटतं. उत्तर मलाही कळवा. आता तुमचे प्रश्न घेऊ.