पुण्यतिथी आणि फेस्त : गोव्यातील जुन्या संतचरित्रांविषयी

महाड-पोलादपूरच्या परिसरात मराठी शिकवणाऱ्यास 'तिथी की तारीख?' हा वाद नवा नाही. चवदार तळ्यावर दरवर्षी जनसागर लोटतो तो २० मार्च या तारखेला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ. रायगडावर शिवपुण्यतिथी होते ती चैत्री पौर्णिमेला. राज्याभिषेक तर तारखेनेही होतो आणि तिथीनेही. पलीकडे शिवथरघळीच्या आसमंतात दासनवमी ठाऊक नसलेला माणूस विरळाच. पोलादपुरास 'शिवभारत'कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. म्हणजे येथे चरित्रनायकाचीच नव्हे, तर चरित्रकाराचीही समाधी आहे. चरित्र आणि दिवस यांचे नाते आम्हांला असे उशापायथ्याशी दिसत असते.

या नात्याचा विचार करताना मराठीतील एका उपेक्षित दालनाकडे लक्ष जाते. ते म्हणजे सतराव्या शतकात गोव्यात रचलेली कॅथलिक संतांची चरित्रे. आमच्या अभ्यासक्रमात 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' हे प्रकरण फादर स्टीफन्सपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'तील मराठीची स्तुती पाठ झाली, की विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही मोकळे होतात. परंतु ख्रिस्तपुराण हे ख्रिस्ताचे, म्हणजे भक्तांच्या दृष्टीने देवाचे, चरित्र आहे. संतांची चरित्रे त्यानंतर आली, आणि ती आपण वाचतच नाही.

प्रथम संतदिनाचे, गोव्याच्या भाषेत फेस्ताचे, स्वरूप पाहू. कॅथलिक पंचांगात संताचा दिवस हा सहसा त्याच्या मृत्यूचा दिवस असतो. लॅटिन परंपरा त्यालाच 'जन्मदिवस' म्हणते, कारण त्या दिवशी संत स्वर्गात जन्मतो. पादुआचा संत अँथनी १३ जून १२३१ रोजी निवर्तला. त्याचे फेस्त १३ जूनला. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले; त्यांचे फेस्त ३ डिसेंबरला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदी पोचले. परंतु ५ फेब्रुवारी हा आधीच संत अगाथेचा दिवस असल्याने त्यांचे व सोबतच्या हुतात्म्यांचे स्मरण ६ तारखेस होते. जन्मदिन पाळला जातो तो येशूचा, मरियेचा आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. आपल्याकडेही रामनवमी व गोकुळाष्टमी हे अवतारांचे जन्मोत्सव. ज्ञानेश्वरांची समाधी, तुकाराम बीज, नाथषष्ठी हे मात्र संतांचे प्रयाणदिन. देवाचे येणे साजरे करावे आणि संताचे जाणे, हा संकेत दोन्हीकडे सारखाच आहे. देव येतो म्हणून तारतो. संताचे संतपण मात्र शेवटच्या श्वासापर्यंत सिद्ध व्हायचे असते. म्हणूनच संतचरित्र हे अखेरच्या दिवसाकडे वाहत जाणारे लेखन असते.

आता ग्रंथांकडे वळू. एत्येन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरचे पद्य पुराण रचले आणि ते १६२९ मध्ये गोव्यात छापले गेले. आंतोनियु द साल्दान्य या जेझुइटाने संत अँथनीची 'जीवित्वकथा' लिहिली. ती १६५५ साली राशोलहून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी ती संपादून अभ्यासकांपुढे ठेवली. तिच्या भाषेवर कोकणीही रास्त हक्क सांगते. महिपतीबोवांचा 'भक्तविजय' १७६२ चा, म्हणजे साल्दान्यच्या ग्रंथानंतर शंभरहून अधिक वर्षांनी झालेला.

अँथनीच्या परंपरेतील एक कथा मराठी वाचकास ओळखीची वाटेल. माणसे ऐकेनात, तेव्हा त्याने रिमिनीच्या किनारी माशांना उपदेश केला आणि मासे डोकी वर काढून ऐकू लागले. पैठणास रेड्याच्या मुखी वेद आले ती कथा येथे आठवतेच. माणसांचा गर्व मुक्या प्राण्याकडून उतरवणे ही संतकथेची जुनी रीत आहे. अशा कथेला मराठी घाटात बसवण्यासाठी जेझुइटांना फारसे कष्ट पडण्याचे कारण नव्हते. श्रोत्यांचे कान तयारच होते.

पण येथेच थांबून सारे गोड करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पीटर-पुराण हे केवळ चरित्र नाही. येथील देवदेवतांचे व आचारांचे खंडन हा त्याचा उघड हेतू आहे. ज्या ओवीतून कीर्तनकार देव उभा करी, त्याच ओवीतून हा कवी तो पाडू पाहतो. भोवती १५६० पासून इन्क्विझिशनचे राज्य होते. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असा हुकूम काढला. ज्या भाषेत संत आले, तीच भाषा अशी नकोशी झाली आणि ही चरित्रे मूळ पडण्याआधीच उपटली गेली.

फेस्त मात्र राहिले, आणि येथील ऋतूत रुजले. युरोपात जून हा उन्हाळ्याचा महिना, कोकणात मृगाचा. म्हणून गोव्यात १३ जूनचा अँथनी पावसाशी जोडला गेला, २४ जूनच्या सांजांवाला तरुण भरल्या विहिरींत उड्या घेऊ लागले, आणि २९ जूनला पीटर या मासेमाराच्या नावाने होड्या जोडून सांगोड निघू लागला. ग्रंथाने जे साधले नाही ते पावसाने साधले.

दासबोध आमच्या डोंगरांत आजही वाचला जातो, कारण त्याला दिवस आहे आणि वाचणारे आहेत. अँथनीला दिवस आहे. त्याच्या मराठी-कोकणी जीवित्वकथेला वाचक नाही. चरित्र-वाङ्मय शिकवताना लीळाचरित्र, भक्तविजय यांच्या पंक्तीस या ग्रंथांतील चार पाने तरी, त्यांच्या सौंदर्यासह आणि त्यांच्या आक्रमकतेसह, विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. जे आपल्याला दुखावते, तेही आपल्या भाषेत लिहिले गेले आहे. ते वाचल्यावाचून मराठीचा इतिहास पुरा होत नाही.